मागच्या व्हर्जनवर परत जाण्याची सोय

१० जानेवारी

ही काल बहिणीकडे गेली. मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. आठ-दहा दिवस लागतील म्हणाली. बॅगा तीन. मी म्हणालो, आठ दिवसांना तीन बॅगा? म्हणाली, थंडी आहे.

हिचं भरतकामाचं मशीनही कालच सर्व्हिसिंगला गेलं. टेम्पो आला होता, दोन माणसं होती. जड आहे. मी म्हणालो, वेळ बरी साधलीस, तूही नाहीस आणि मशीनही नाही. हो म्हणाली.

घर शांत. निवृत्त झाल्यापासून अशी शांतता मिळाली नव्हती. आता कामं उरकता येतील. उद्यापासून सहाला उठणे. फिरणे. चहा दोनदाच. आणि मुख्य काम: मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर नवी व्हर्जन टाकणे. ही परत येईल तेव्हा सगळं तयार. सांगायचं नाही.

११ जानेवारी

साडेआठला उठलो. पहिला दिवस.

कॉम्प्युटर जुना नाही, आतली व्हर्जन जुनी आहे. कोपऱ्यात किती महिने सूचना येते आहे: नवी आवृत्ती उपलब्ध, जुनीची देखभाल लवकरच बंद होईल. ही दर वेळी 'नंतर' दाबते. पाठीमागून मी स्वतः पाहिलं आहे. आमच्या ऑफिसात परिपत्रकाला 'नंतर' म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभा असायचा.

सुरू व्हायलाच इतका वेळ घेतो की ही बटण दाबून कणीक मळायला जायची. म्हणायची, तेवढंच होतं माझं. हे काय कौतुक?

१२ जानेवारी

कंपनीच्या साइटवरून 'नव्या आवृत्तीतील बदल व अपग्रेडसाठी मार्गदर्शन' उतरवून घेतलं. दुकानातून छापून, स्पायरल लावून आणलं. जाडजूड झालं आहे. लाल पेन्सिल काढली.

असल्या वाचनात माझा हात कुणी धरणार नाही. सगळी नोकरी रेकॉर्ड रूममध्ये गेली. लोक सूचना वाचत नाहीत, मग बोंबलतात. मी आधी वाचतो.

पान तीनपर्यंत आलो. सुरू करायचं बटण डावीकडून मध्यभागी आणलं आहे. कारण दिलेलं नाही. पण ज्यानं आणलं त्यानं विचार केलाच असेल. मीही गेल्या महिन्यात हिच्या दोऱ्यांच्या रिळांची मांडणी बदलली. अक्षरानुक्रमे. अंजिरी, आकाशी, करडा, काळा, केशरी. पूर्वी कसलाच क्रम नव्हता. ही म्हणायची, होता. शेवटपर्यंत कोणता ते सांगता आलं नाही. सांगायला लागली तेव्हा मला फोन आला असावा.

१३ जानेवारी

पान अकरा. "जुने प्रोग्राम नव्या आवृत्तीत चालतीलच असे नाही. आधी निर्मात्याकडे चौकशी करावी."

हिचा भरतकामाचा प्रोग्राम ज्या कंपनीचा, ती केव्हाच बंद पडली. फोन लागत नाही. म्हणजे हरकत घेणारं कुणी नाही. समासात 'हरकत नाही' लिहिलं.

फिरायला गेलो नाही. वाचन महत्त्वाचं.

१४ जानेवारी, रविवार

हिचा फोन आला. डबा येतो का, विचारलं. येतो म्हणालो. गॅस बंद करता ना? करतो. दिवसभर काय करता? वाचतो आहे म्हणालो. काय वाचता? म्हटलं, कळेल.

मग म्हणाली, अहो, माझ्या कॉम्प्युटरला हात लावू नका हं.

मी हसलो. बायकांना सरप्राइजचा वास येतो.

'माझ्या' म्हणाली. पावती माझ्या नावावर आहे.

१६ जानेवारी

मार्गदर्शनात चार ठिकाणी सांगितलं आहे, बॅकअप घ्या. घेतला. 'माझी कागदपत्रे' हे फोल्डर अख्खं पेन ड्राइव्हवर घेतलं. आत होतं: पाण्याच्या वेळेबद्दल सोसायटीला लिहिलेलं पत्र, मेहुणीच्या लग्नाचे फोटो, कुणाकुणाचे फोन नंबर. संपलं.

आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं ही त्या कॉम्प्युटरसमोर बसते. हॉस्पिटलच्या कोटांवरची चिन्हं, शाळांचे बिल्ले, हॉटेलांचे एप्रन, त्यांवरची नावं. एवढ्या कामाचा ऐवज एवढासा? ही कामापेक्षा जास्त वेळ बसते असं मला पूर्वीही वाटायचं. बोललो नव्हतो. एकदाच बोललो होतो.

१७ जानेवारी

आज घातला हात.

सुरुवातीलाच प्रश्न आला: सगळं ठेवायचं, फक्त वैयक्तिक फाइली ठेवायच्या, की काहीच ठेवायचं नाही? मी मधला पर्याय निवडला. काहीच न ठेवणं अविचार. सगळं ठेवणं म्हणजे घर बदलताना जुन्या घरातला केरही बांधून नेणं.

चाळीस टक्क्यांवर साडूचा फोन. याचं टायरचं दुकान आहे, त्यामुळे बोलणं घरातही रस्त्यावरच्यासारखं. काय साडूबुवा, एकटा जीव सदाशिव! म्हटलं, कामात आहे. म्हणाला, रिटायर माणसाला कसलं आलंय काम, या की इकडे. मग म्हणाला, ताई अगदी मजेत आहेत हो, सकाळी सहाला सुरू करतात. मी विचारलं, काय सुरू करतात? तो थांबला. म्हणाला, अहो, सगळंच. मग मागून कुणीतरी त्याला हाक मारली.

बहिणीचं एवढं करायचं म्हणजे सहाला उठावं लागणारच. हिचा स्वभावच तसा. स्वतःकडे पाहत नाही.

संध्याकाळी पाचला पूर्ण. कॉम्प्युटर चार वेळा स्वतःहून बंद होऊन सुरू झाला. मी जागचा हललो नाही.

१८ जानेवारी

उत्तम. स्क्रीन निळा, स्वच्छ. बटण दाबलं की सुरू. कणीक सोडा, चष्मा पुसायलाही वेळ मिळत नाही.

एक सूचना आली: "नवी आवृत्ती पसंत नसल्यास दहा दिवसांच्या आत मागच्या आवृत्तीवर परत जाता येईल." ही भित्री सोय आहे. काढलेला आदेश मागे घ्यायची तयारी आधीच ठेवली, तर तो पाळणार कोण? समासात तसं लिहिलं.

डबा घेऊन आलेल्या खानावळवाल्या बाईंना दाखवला. छान आहे म्हणाल्या. भांडी द्या म्हणाल्या.

१९ जानेवारी

डिस्कवर जागा कमी असल्याचं दिसलं. शोध घेतला. 'मागील आवृत्ती' नावाचं एक फोल्डर जवळजवळ अर्धी डिस्क अडवून बसलेलं. खाली लिहिलं होतं: "हे काढून टाकता येईल."

मला हसू आलं. हेच तर मी आयुष्यभर केलं. रेकॉर्ड रूममध्ये माझ्याआधी जो होता तो कागद नुसते साठवायचा. मी आलो आणि छाननी सुरू केली. कायम ठेवणे, काही वर्षं ठेवणे, नष्ट करणे. तिसऱ्या गठ्ठ्याला लाल दोरी. मोठे साहेब म्हणाले होते, तुम्ही आलात आणि या खोलीला खिडकी आहे हे कळलं. निरोपाच्या भाषणातही तेच म्हणाले. तेवढंच म्हणाले, पण म्हणाले.

फोल्डर काढून टाकलं. नक्की का, असं दोनदा विचारलं. दोनदा हो म्हणालो. अर्धी डिस्क मोकळी झाली. खिडकी उघडल्यासारखं वाटलं.

शेजारी सांगावं म्हणून दार उघडलं. कुणी नव्हतं.

२१ जानेवारी, रविवार

हिचा फोन आला नाही. मीच केला. मेहुणीनं उचलला. धापा टाकत होती. म्हणाली, आत्ताच जिना चढून आले भावोजी. ऑपरेशन झालेला गुडघा? म्हणाली, हो, पळतोय आता. ताई कामात आहे, करेल नंतर.

छान. गुडघा बरा, म्हणजे ही या आठवड्यात येणार. मागच्या खोलीतली खुर्ची पुसून ठेवली. हिच्या मशीनच्या वेळांचा कागद जरा फाटला होता, तोही नव्यानं लिहून भिंतीला लावला. सकाळी अकरा ते एक, दुपारी चार ते सहा. मी निवृत्त झाल्यावर हे वेळापत्रक करून दिलं. पूर्वी मशीन वाटेल तेव्हा चालायचं. माझ्या झोपेत खडखड. शिस्तीनं कामाला गतीच येते.

दिवसभर फोन जवळ ठेवला. आला नाही. मेहुणी सांगायला विसरली असणार.

२३ जानेवारी

हॉस्पिटलच्या स्टोअरवाल्याचा फोन. हिचं जुनं गिऱ्हाईक. मी आधीच सांगून टाकलं, त्या बाहेरगावी आहेत, कोट उशिरा मिळतील. म्हणाला, नाही नाही, कोट मिळाले परवाच, फार सुरेख झालेत, तेच सांगायला केला होता. पुढचा लॉट कुठे पाठवू? मी म्हणालो, येऊ दे त्यांना. म्हणाला, बरं बरं, मी त्यांनाच विचारतो.

म्हणजे ही जायच्या आधीच काम संपवून गेली होती. पाहा. वेळापत्रक.

कौतुकानं ते चिन्ह पाहावं म्हणून कॉम्प्युटर सुरू केला. प्रोग्राम सापडला नाही. मधल्या बटणात नाही. डावीकडे नाही. शोध घेतला. त्या नावाचं काही आढळलं नाही.

काहीतरी तांत्रिक असावं.

सायंकाळी ५

सगळ्या डिझाइन प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये असायच्या. 'माझी कागदपत्रे'मध्ये कधी नव्हत्याच. ते फोल्डर मागच्या आवृत्तीत होतं. मागची आवृत्ती मी

उद्या नीट पाहू.

२४ जानेवारी

"मागच्या आवृत्तीवर परत जा" हे बटण आहे. करडं आहे. दाबलं जात नाही.

मार्गदर्शन उघडलं. पान एकतीस: "मागील आवृत्तीचे फोल्डर काढून टाकल्यास ही सोय उपलब्ध राहणार नाही." या ओळीखाली लाल रेघ आहे. माझीच. समासात 'योग्य' लिहिलं आहे.

२५ जानेवारी

घाबरण्यात अर्थ नाही. पुसलेलं परत आणणारे तीन प्रोग्राम सापडले. तिन्ही घेतले. ते कसे वापरायचे याचे व्हिडिओही उतरवून घेतले, बरेच. तिघांनीही सोसायटीचं पत्र शोधून दिलं.

२६ जानेवारी

कॉम्प्युटर रिक्षात घालून रिपेअरच्या दुकानात नेला. दुकान एक बाई चालवतात. विचारलं, डिलीट कुणी केलं? मी म्हणालो, झालं घरात. म्हणाल्या, घरात भूत आहे का काका?

मग त्यानंतर काय काय केलं ते विचारलं. अभिमानानं सांगितलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, पाटी पुसली ते एक, पण पुसल्यावर तुम्ही तिच्यावर पुन्हा गिरवत बसलात. मी म्हणालो, गिरवलं नाही, व्हिडिओ घेतले. म्हणाल्या, तेच ते.

ठेवून जा म्हणाल्या. काकूंना सांगितलंत का? म्हटलं, त्या बाहेरगावी आहेत. म्हणाल्या, मग यायच्या आत सांगा.

मागच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटरच्या आकाराएवढी धूळ नसलेली जागा. मशीनचीही तशीच जागा आहे. पुसून दोन्ही सारख्या केल्या.

२८ जानेवारी, रविवार

हिचा फोन आला. सांगायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, तुमचा आवाज बसलाय. म्हटलं, कुणाशी बोललो नाही दोन दिवस, म्हणून असेल. मग सांगायचं राहिलं.

कधी येतेस, विचारलं. बघू म्हणाली. एरवी 'येते' म्हणते. मी म्हणालो, घाई करू नकोस. हे मनापासून म्हणालो. मला वेळ हवा आहे.

मग म्हटलं, मशीन कुठल्या दुकानात टाकलंस, मी आणून ठेवतो. म्हणाली, मशीन नीट चालतंय. मी म्हणालो, वा, म्हणजे दुरुस्त झालं. मागे खडखड ऐकू येत होती. साडूच्या गल्लीत रस्ता खणत असावेत.

डब्याचं विचारलं नाही. विसरली असेल.

३१ जानेवारी

बाईंनी निकाल सांगितला. फाइलींचे हजारो तुकडे मिळाले, एकालाही नाव नाही, एकही उघडत नाही. फोटो मात्र मिळाले. मेहुणीच्या लग्नातला एक मोठा करून दाखवला, मला बरं वाटावं म्हणून. ही त्यात कुणाच्या तरी पदराची पिन लावते आहे. मी नाही त्यात. मी त्या वेळी जेवणाच्या पंगतींचं नियोजन पाहत होतो.

१ फेब्रुवारी

मार्ग सापडला. इतका सोपा की आधी सुचला नाही याचं नवल.

हिच्या खणात प्रत्येक डिझाइनचा एक शिवलेला नमुना आहे. कापडाचे चौकोन, पुठ्ठ्याच्या डब्यांत रचलेले. ते पाहून मी सगळ्या डिझाइन पुन्हा काढणार. आधी आलेखकागदावर, मग कॉम्प्युटरवर. रोज तीन. ही येईपर्यंत संपतील. उलट जुन्यांपेक्षा सुबक होतील. कदाचित हिला कळणारही नाही.

आलेखकागद आणला. पेन्सिली केल्या. डबे मोजले नाहीत.

२ फेब्रुवारी

हॉस्पिटलचं चिन्ह घेतलं. ओंजळ केलेले दोन हात, मध्ये ज्योत. दिवसभर बसलो. डब्यावाल्या बाई म्हणाल्या, खेकडा छान काढलाय.

३ फेब्रुवारी

तेच.

टाके मोजायला म्हणून नमुना उलटा केला. मागची बाजू मी कधी पाहिली नव्हती. पुढे ज्योत एकच दिसते, मागे कळतं की ती तीन दिशांनी भरली आहे. म्हणून उजेडात हलवली की हलते. हाताच्या बोटांत टाके आखूड, मनगटाकडे लांब. खाली हॉस्पिटलचं नाव. शेवटच्या अक्षरावर दोरा जास्तीचा फिरवून आत घेतला आहे, धुताना उसवू नये म्हणून असेल.

हे हिला कुणी शिकवलं? विचारलं पाहिजे.

४ फेब्रुवारी, रविवार

फोन नाही. मीही केला नाही. केला असता तर सांगावं लागलं असतं.

डब्यावाल्या बाईंनी विचारलं, बाई अजून नाही आल्या? मी म्हणालो, बहिणीचा गुडघा. म्हणाल्या, मग डबा एकाचाच धरू ना कायमचा? मी म्हणालो, कायमचा कशाला? म्हणाल्या, तसं नाही हो साहेब, मला डाळीचा अंदाज.

६ फेब्रुवारी

दुपारी दोनला आडवा झालो. मशीन बंद ठेवायची ही वेळ. अजिबात आवाज नाही. झोप लागली नाही. खानावळीच्या तेलामुळे असणार. उद्यापासून तेल कमी घालायला सांगणे.

ज्योतीच्या पहिल्या दिशेपर्यंत आलो आहे.

७ फेब्रुवारी

तेल कमी होतं. झोप लागली नाही.

९ फेब्रुवारी

विचार केला. या गतीनं सगळे डबे संपायला माझं उरलेलं आयुष्य पुरणार नाही. हिला आपण होऊन जाऊन सांगायचं. समोरासमोर.

निवेदन तयार केलं. पहिला मसुदा दोन पानी झाला. "आवृत्ती-बदलाच्या प्रक्रियेत काही अभिलेख अनवधानाने नष्ट झाल्याचे निदर्शनास आले आहे." वाचून पाहिलं. हे वाचून मी स्वतः चौकशी लावली असती. फाडला.

शेवटी चार ओळी राहिल्या. तू नको म्हणाली होतीस. मी हात लावला. तुझी सगळी कामं पुसली गेली. मी पुसली.

पाठ केल्या. ती रागावेल. रागावू दे. मग घरी येईल, कारण आल्याशिवाय नुकसान किती ते कळणार नाही. त्या दृष्टीनं हे बरंच झालं म्हणायचं.

१० फेब्रुवारी, शनिवार

सकाळच्या गाडीनं गेलो. हिला कळवलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशीच आवाज आला. रस्ता कुठेही खणलेला नव्हता. मनात म्हटलं, इथेही कुणाकडे तरी तसलंच मशीन आहे.

साडूच्या पुढच्या खोलीत हिचं मशीन. चालू. ही समोर, गळ्यात टेप, कानात कापूस. बाजूला हॉस्पिटलचे कोट. भिंतीला रिळं लावलेली. काळ्याशेजारी आकाशी, त्याच्याशेजारी पांढरा. एकाच चिन्हाचे रंग शेजारी शेजारी. क्रम होता तर.

साडू ओरडला, या या या, वाट चुकलात का? मेहुणी दोन पायऱ्या एकदम उतरून पाणी घेऊन आली. हिनं मशीन बंद केलं, कापूस काढला. बसा म्हणाली. बारीक दिसताय.

मी बसलो नाही. बसलो असतो तर विसरलो असतो. चारही ओळी म्हटल्या.

मेहुणीनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

मग ही म्हणाली, माझ्याकडे आहे सगळं. मशीनला एक लहानसा लॅपटॉप जोडला होता, तो माझ्याकडे वळवला. सगळं होतं. हॉस्पिटल, शाळा, एप्रन. म्हणाली, निघायच्या आधी दोन ठिकाणी कॉपी करून घेतलं. एकेक उघडून पाहिलं. डिसेंबरभर थोडं थोडं करत होते.

मी मोठ्यानं हसलो. इतके दिवस छातीवर धोंडा होता. एकही डिझाइन गेली नाही! साडूही हसला. माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, ताईंनी तुम्हाला ओळखलंय. मी म्हणालो, मग झालं तर, आवर सगळं, टेम्पो मी बोलावतो. नवी व्हर्जन बघशील तर खूश होशील. बटण दाबलं की सुरू.

ही म्हणाली, अहो, मी दोन-दोन कॉपी कशाला केल्या असतील?

म्हटलं, खबरदारी म्हणून.

हो, म्हणाली.

मेहुणी आत गेली. साडूला एकदम दुकान आठवलं. आम्ही दोघंच. मशीन बंद होतं तरी ही त्याच्यावर हात ठेवून उभी होती.

मी म्हणालो, रागावली आहेस. म्हणाली, नाही हो. राग असता तर एव्हाना उतरला असता. रागावून नाही आले मी. ठरवून आले.

मग म्हणाली, इथे दिवसभर चालतं मशीन. कुणी वेळा लावलेल्या नाहीत. चार ओळी बोललात तुम्ही, ते बरं वाटलं. इतकं सरळ कधी बोलला नव्हता. जेवून जा.

मी विचारलं, ती ज्योत तीन दिशांनी भरायला तुला कुणी शिकवलं?

तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, कुणी नाही. करता करता.

जेवून निघालो. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मशीन पुन्हा सुरू झालं होतं.

११ फेब्रुवारी, रविवार

एकंदरीत भेट यशस्वी. मुख्य म्हणजे नुकसान शून्य. दुसरं, ती रागावलेली नाही. तिसरं, जेवायला वाढलं. साडूच्या घरात जागा कमी आहे, तेव्हा ही व्यवस्था तात्पुरतीच असणार. कुणी तसं म्हणालं नाही, पण दिसतंच.

वेळापत्रक भिंतीवरून काढलं. नवा कागद लावला: "मशीनच्या वेळांसंबंधीचा पूर्वीचा आदेश रद्द करण्यात येत आहे." खोलीत वाचायला कुणी नाही, म्हणून फोटो काढून हिला पाठवला.

तासाभरानं अंगठा आला. कोणत्या अर्थानं, ते कळवलेलं नाही.

१३ फेब्रुवारी

डब्यावाल्या बाईंना सांगितलं, एकाचाच धरा. कायमचा नाही, सध्या.

सहाला उठलो होतो. मग काय करायचं ते ठरेना. परत झोपलो.

१८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी फोन वाजला. पहिल्याच रिंगला उचलला. अनोळखी माणूस. नवं हॉटेल काढतो आहे, एप्रनवर नावं भरून हवीत. जुन्या कार्डावर हा नंबर मिळाला म्हणाला.

सांगणार होतो, त्या चार दिवसांत येतील. आजवर सगळ्यांना तेच सांगत आलो. मग म्हणालो, लिहून घ्या. नंबर दिला. पत्ता दिला. टायरच्या दुकानामागची गल्ली, आवाज येतोच बाहेर. बेल वाजवू नका, कानात कापूस असतो, ऐकू येत नाही. दारात उभे राहा, एक चिन्ह संपलं की मान वर करतात.

काम कसं आहे, त्यानं विचारलं. म्हटलं, एकदा कापड उलटं करून बघा.

तो म्हणाला, बरीच माहिती आहे तुम्हाला. आपण त्यांचे कोण?

मी म्हणालो, मी त्यांच्या कॉम्प्युटरचं बघतो.

बरं म्हणाला. फोन ठेवला.